क्लेम ट्रेंबथची जपानी पिस्तुलं

टॅलोवा गावच्या कत्तलखान्यात गळे कापायचं काम क्लेम ट्रेंबथकडे होतं, आणि ते त्याने उभी हयात केलं. बैल बधिर होऊन साखळीला उलटा टांगलेला पुढे आला की एक सुरी, एक हिसका, मग पुढचा. रक्त रबरी बुटांत जायचं, कानांत जायचं, डब्यातल्या सँडविचलाही त्याचा वास यायचा. तिथली माणसं बोलायची ती शिव्यांनी आणि भांडायची ती हातात जे असेल त्याने. क्लेमच्या डाव्या दंडावर सुरीचा लांब वण होता, आणि ज्याने तो दिला त्याचं नाक क्लेमने असं फोडलं होतं की तो गडी मरेपर्यंत तोंडाने श्वास घेत राहिला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हाच क्लेम शनिवारी पांढरे सुती हातमोजे घालून जुनी जपानी पिस्तुलं पुसत बसायचा हे ऐकलं की लोकांना वाटतं, असेल कुणी नाजूक म्हातारा. नाजूक कसला डोंबलाचा.

ब्रिस्बेनच्या वरच्या आमच्या या उसाच्या पट्ट्यात दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या प्रत्येकाच्या कपाटात काही ना काही जपानी असायचंच. न्यू गिनीच्या चिखलातून कुणी तलवार आणली, कुणी झेंडा, कुणी मेलेल्याच्या तोंडातले सोन्याचे दात. कुणी पिस्तूल. असा एखादा म्हातारा सैनिक गेला की पिस्तुलं जमवणारी मंडळी मढं उठायच्या आत दारात हजर. चर्चच्या हॉलमध्ये चहा चाललेला असायचा आणि हे विधवेच्या कानाशी लागायचे, ‘तुमच्या यजमानांकडे पिस्तुलाचं एक चामडी म्यान होतं म्हणे?’ लाजलज्जा काही नाही. क्लेमचा मात्र नेम होता की वर्षश्राद्धाची वेळ झाल्याशिवाय त्या घरची पायरी चढायची नाही. म्हणून पुष्कळदा त्याच्या आधी कुणीतरी हात मारून गेलेलं असायचं. आणि म्हणूनच ज्या बायकांनी त्या बाकीच्यांना हाकलून दिलं, त्या क्लेमला आत बोलवायच्या.

युद्धाच्या शेवटी घाईगर्दीत ठोकलेल्या पिस्तुलांकडे तो ढुंकूनही बघायचा नाही. त्याला हवी असायची पहिल्या घडणीची. गोळ्यांचं मॅगझिन लाकडी बुडाचं असलेलं नाम्बू जातीचं पिस्तूल त्याच्याकडे होतं, ते बघायला ब्रिस्बेनहून माणसं गाडी हाकत यायची. पण त्याचा जीव होता तो त्याहून जुन्या एका रिव्हॉल्व्हरवर. सन अठराशे त्र्याण्णवची घडण. जपानी लोक त्यांच्या बादशहाच्या कारकिर्दीच्या सव्विसाव्या वर्षावरून त्याला सव्वीस म्हणायचे, क्लेमही तेच म्हणायचा.

हे सव्वीस त्याला दिलं इडा मोफॅटने. तिचा नवरा हॅरी न्यू गिनीत सनानंदाच्या दलदलीत लढून आला होता. क्लेम तिच्याकडे गेला तेव्हा तिने चहासुद्धा विचारला नाही, म्यानासकट ते टेबलावर आपटलं.

‘घेऊन जा ही पीडा,’ ती म्हणाली. ‘ज्याचं होतं ना, त्या जपानी पोराने हात वर केले होते. हॅरीने फावड्याने मारला त्याला. दारू चढली की कसा मारला ते मला करून दाखवायचा. माझ्यावरच.’

‘फावड्याने?’

‘फावड्याने. नंतर नंतर झाडूने. वय झालं ना त्याचं.’

आणि म्हातारी हसली. क्लेमने म्यान उचललं. म्यानाच्या कप्प्यात दोन काडतुसंही होती, हिरवट पडलेली. त्या मापाची गोळी जगात दुसऱ्या कुठल्या बंदुकीला लागत नाही आणि कुणी बनवतही नाही. पिस्तुलाइतकीच ती काडतुसं दुर्मिळ. क्लेमने दोन्ही मखमलीच्या तुकड्यावर ठेवून काचेखाली बंद केली.

या सव्विसाला एक खोड होती. त्याचं सहा गोळ्यांचं चाक मोकळं. चाप ओढत असाल तेवढ्यापुरतं ते जागेवर अडकतं, एरवी नुसता बोटाचा धक्का लागला तरी गरकन फिरतं. म्हणजे चार भोकं रिकामी ठेवून दोनच गोळ्या भरल्या, तर पुढची गोळी कुठे आहे हे भरणाऱ्यालाही सांगता येणार नाही. घडवणाराच चुकला होता. प्रदर्शनात टेबल मांडलं की क्लेम लोकांना हेच सगळ्यात आधी सांगायचा. पुढे त्याची मुलगी लिनेट सांगायला लागली. आई लवकर गेलेली, त्यामुळे बापाच्या मागे मागे फिरायची. दोन वेण्या घालून खुर्चीवर उभी राहायची आणि मोठमोठ्या मिशाळ लोकांना दटावायची, ‘काका, चाकाला हात नाही लावायचा, ते कुठेही थांबतं.’ क्लेमची छाती फुगायची.

तीच लिनेट मोठी झाली आणि तिने रॉस डॉकरीशी लग्न केलं.

जावई हा दशमग्रह म्हणतात. हा तर राहू, केतू आणि शनी तिन्ही एका शर्टात कोंबलेले. ऊस तोडायचं यंत्र चालवायचा, हंगामात बक्कळ कमवायचा, दिसायला राजबिंडा. पबमध्ये सगळ्यांना पाजायचा, म्हणून सगळ्यांचा लाडका. पहिल्या वर्षी लिनेटचा डोळा काळानिळा. ती म्हणाली, कपाटाचं दार लागलं. दुसऱ्या वर्षी दोन बोटं मोडली. म्हणे गाडीच्या दारात सापडली. क्लेमने ऐकून घेतलं. अहो, ज्याने जन्मभर हाडं मोडलेली बघितली त्याला दारात सापडलेलं बोट आणि पिरगाळलेलं बोट यातला फरक कळत नसेल? कळत होता. पण लेकीने सांगितलं की मानायचं, असं त्याला वाटायचं. मला विचाराल तर तिथेच तो चुकला.

मग ती पोटुशी राहिली, आणि पाचव्या महिन्यात रॉसने तिच्या पोटात लाथ घातली. कारण काय, तर चॉप्स करपले. मूल गेलं.

क्लेम दवाखान्यातून निघाला तो थेट पबमध्ये गेला आणि काही न बोलता बिअरचा ग्लास रॉसच्या तोंडावर फोडला. रॉस त्याच्याहून तीस वर्षांनी तरुण. त्याने म्हाताऱ्याला फरफटत बाहेर आणलं आणि डांबरावर त्याचं तोंड घासलं. बघे उभेच राहिले. गावचा पोलीस सार्जंट कीऑ आला तो शेवटी, पोट सावरत.

‘क्लेम, पहिला वार तुझा होता,’ तो म्हणाला. ‘तुलाच आत टाकायला हवं खरं तर.’

‘आणि माझ्या पोरीच्या पोटातलं? तो वार कितवा होता?’

‘ते नवराबायकोचं आहे. तिने तक्रार दिली तर बघू.’

तिने तक्रार दिली नाही. तक्रारीनंतर घरी तर त्याच्याकडेच जायचं होतं ना. पुढच्या हंगामात मात्र रॉसने तिच्या गळपट्टीचं हाड मोडलं, आणि त्या दिवशी ती दवाखान्यातून बापाच्या घरी आली. एक हात गळ्यातल्या झोळीत, ओठ शिवलेला. आमच्याकडची घरं लाकडी, उंच खांबांवर. तो जिना चढायला तिला किती वेळ लागला ते क्लेम वर उभा राहून बघत होता. त्याने हात द्यायला पुढे केला तर ती दचकली. बापाच्या हाताला दचकली.

‘बाबा, तो म्हणालाय, येऊन मारीन,’ तिने सांगितलं. ‘या वेळी खरंच मारेल. तो असं म्हणाला तेव्हा प्यायलेला नव्हता.’

आता क्लेमपुढे दुसरं काहीही उरलं नाही. पोरगी जिवंत राहिली पाहिजे, एवढंच. कीऑकडे जाऊन उपयोग नव्हता. अंगात पूर्वीची ताकद नव्हती. घरात शिकारीची बंदूक नव्हती. एवढी पिस्तुलं, पण गोळ्या फक्त सव्विसाच्या. शुक्रवारी संध्याकाळी त्याने काच उघडली. हातमोजे न घालता त्याने त्या पिस्तुलाला पहिल्यांदा हात लावला. दोन्ही काडतुसं चाकात अशी बसवली की चाप ओढला की पहिलीच गोळी उडावी, नाही उडाली तर लगेच दुसरी. मग ते पँटच्या खिशात टाकलं.

इथेच ती चूक झाली बघा. ही चूक एखाद्या चोराने केली नसती, पोलिसाने केली नसती. ज्याने पिस्तूल कमरेला लावून चार दिवस काढलेत असा कुणीही करणार नाही. ती फक्त जमवणाराच करू शकतो. क्लेमने जन्मभर लोकांना सांगितलं की हे चाक मोकळं आहे, पण ते पिस्तूल घेऊन तो कधी चार पावलंसुद्धा चालला नव्हता. त्याच्या लेखी ते मखमलीवर पडून राहणारी वस्तू. शनिवारी सकाळपासून तो ते खिशात घेऊन जिना उतरला, चढला, कोंबड्यांचं खुराडं साफ केलं, लाकडं फोडली. प्रत्येक पावलाला आत चाक फिरत होतं. त्याच्या मनातही आलं नाही.

दुपारी रॉसची पिकअप गाडी फाटकाची जाळी मोडूनच आत आली. रॉस उतरला. हातात ऊस तोडायचा कोयता.

‘काय सासरेबुवा, पोरगी कुठे आहे?’

‘इथे नाही,’ क्लेम म्हणाला आणि खिशात हात घातला. पिस्तुलाचं नाक अस्तरात अडकलं. तेवढ्यात रॉसने कोयत्याची मूठ त्याच्या कानशिलात हाणली. क्लेम जिन्याच्या पायथ्याशी कोसळला. रॉसने त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या, सवडीने, एकेक. हाड मोडल्याचा आवाज क्लेमला ओळखीचा होता. मग रॉस त्याला ओलांडून वर गेला.

वरून भांडी पडल्याचा आवाज आला. लिनेट ओरडली नाही. ती कधीच ओरडायची नाही, ओरडलं की जास्त मारतो हे तिला ठाऊक होतं. क्लेम हातापायांवर तो जिना चढला. स्वयंपाकघरात रॉसने कोयता ओट्यावर ठेवला होता आणि तिचे केस मुठीत धरून तिचं कपाळ सिंकच्या काठावर आपटत होता. दर आपटण्याला एक शब्द म्हणत होता, ‘घरी. चल. म्हटलं. ना.’ सिंकमध्ये सोललेले बटाटे होते, ते लाल झाले होते.

क्लेमने पिस्तूल दोन्ही हातांनी धरलं, रॉसच्या पाठीवर रोखलं आणि चाप ओढला.

टक्.

पुन्हा ओढला.

टक्.

कोरडा आवाज. घोडा रिकाम्या भोकावर पडला की असा येतो. काडतूस फुसकं निघालं असतं तर आवाज वेगळा आला असता. क्लेमला त्या क्षणी सगळं समजलं. सकाळपासूनच्या चालण्याने चाक फिरलंय, आणि दोन्ही गोळ्या अजून आत आहेत. तो तिसऱ्यांदा ओढणार तोवर रॉस वळला होता. त्याने एका गुद्द्यात म्हाताऱ्याचे दात पाडले आणि पिस्तूल हिसकावलं. क्लेम भिंतीशी बसकण मारून खाली गेला.

‘अगं, हे बघ,’ रॉस हसायला लागला. मनापासून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ‘तुझा बाप मला खेळण्याने मारायला आला होता. दोनदा मारलं मला. मी मेलोय का गं?’

त्याने पिस्तूल लिनेटच्या तोंडावर रोखलं.

‘गोळ्या आहेत त्यात!’ क्लेम ओरडला. तोंडातून रक्ताची चूळ आली. ‘रॉस, खरंच आहेत. दोन आहेत. चाक फिरलंय. देवाशपथ सांगतो, तिच्यावर धरू नकोस.’

‘हो का? आणि मी इंग्लंडची राणी.’

रॉसने चाप ओढला. टक्.

लिनेट सिंकला टेकून उभी होती. कपाळावरचं रक्त डोळ्यांत उतरत होतं, पण तिने डोळे मिटले नव्हते. रॉस म्हणाला, ‘बघितलंस? एवढं थोबाड पाडू नकोस. तुला विधवा व्हायचंय ना? घे, हो.’ पिस्तूल त्याने बोटावर गरकन फिरवलं, जसं सिनेमातले करतात तसं, आणि स्वतःच्या कानाच्या वर टेकवलं. ‘रड गं आता. सासरेबुवा, तुम्ही पण रडा.’

क्लेमने तोंड उघडलं.

लिनेटने त्याच्याकडे पाहिलं. सरळ, एकटक. चाकाला हात लावला की ते कुठेही थांबतं, हे तिला तिच्या नावाइतकं पाठ होतं. गोळ्या आहेत हे तर तिने आत्ता ऐकलं होतं. क्लेमला त्या नजरेत एकच दिसलं: बाबा, सांग त्याला. नवरा होता तो तिचा. कसाही असला तरी. आणि क्लेमने उघडलेलं तोंड मिटलं. मूग गिळून तो भिंतीशी बसून राहिला.

आवाज फार मोठा नव्हता. बंद खोलीत जाड पुस्तक पडावं तेवढाच. रॉसच्या डोक्याच्या दुसऱ्या बाजूने जे बाहेर आलं ते फडताळावरच्या बशांवर उडालं. तो उभ्याचा खाली आला आणि त्याचे पाय जमिनीवर घासत राहिले. बैलांचे घासतात तसे, आणि क्लेमला माहीत होतं की हे थोडा वेळ चालतं. तो बघत राहिला. थांबेपर्यंत बघितलं. मग लिनेटने झोळीबाहेरच्या हाताने चुलीचा गॅस बंद केला.

सार्जंट कीऑने टोपी काढली, घाम पुसला, कोयत्याकडे बघितलं. आता तक्रार घ्यायला त्याला सवड होती.

‘त्याला सांगितलं होतं का, की गोळ्या आहेत?’

‘बाबा ओरडला होता,’ लिनेट म्हणाली. ‘गोळ्या आहेत, दोन आहेत, चाक फिरलंय, असं म्हणाला. देवाची शपथ घेतली. रॉस हसला.’

हेच तिने चौकशीच्या कोर्टातही सांगितलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ते शब्द पिस्तूल कुणावर रोखलेलं असताना बोलले गेले, हे कुणी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. क्लेमला विचारलं तेव्हा तोही म्हणाला, ‘हो, ओरडलो होतो.’ अपघाती मृत्यू असा निकाल लागला. क्लेमवर भरलेलं पिस्तूल घेऊन फिरल्याचा ठपका आला, पण मोडलेल्या बरगड्या आणि तिचं कपाळ बघून न्यायाधीशाने फार ताणलं नाही.

मग फोन सुरू झाले. ब्रिस्बेनहून, सिडनीहून. जमवणारे. ‘ते तुमचं सव्वीस, तेच का, ज्याने…? पोलिसांनी परत दिलं तर आधी मला सांगा हं.’ माणूस मेल्याने त्या पिस्तुलाचा भाव वधारला होता. क्लेमने एकेकाला अशा शिव्या दिल्या की फोनच्या तारा वितळाव्यात. सव्वीस त्याने पोलिसांना वितळवून टाकायला सांगितलं. बाकीची पिस्तुलं तशीच राहिली, पण कुलूप त्याने उघडलं नाही.

लिनेट त्याच्याच घरी राहिली. हाड जुळलं, कपाळावर वण राहिला. साखर कारखान्यात तिला कँटीनचं काम मिळालं. घरात दोघं गोड बोलायची, हवेबद्दल, कोंबड्यांबद्दल. पण क्लेम आतून कुरतडला जात होता. पोरीने डोळ्यांनी विनवलं आणि आपण तोंड मिटलं. तिचा नवरा तिच्यासमोर मरू दिला, आणि वर तिला कोर्टात आपल्याला पाठीशी घालावं लागलं. पोरगी जिवंत होती, त्याला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि तिच्याकडे मान वर करून बघायची सोय उरली नव्हती. वर्ष गेलं. त्याने तो जुना वर्षश्राद्धाचाच नेम पाळला असं म्हणा हवं तर, पण वर्ष उलटून गेल्यावरच त्याच्या तोंडून शब्द निघाला. रविवारी दुपारी दोघं व्हरांड्यात चहा पीत बसली होती.

‘लिनेट, मला एक सांगायचंय.’

‘सांग ना.’

‘पहिल्यांदा मी ओरडलो. दुसऱ्यांदा मी गप्प बसलो. मुद्दाम बसलो.’

‘माहीत आहे मला.’

‘तू माझ्याकडे बघत होतीस. मला कळलं होतं तू काय मागतेयस. तरी मी…’

लिनेटने कप खाली ठेवला.

‘काय मागत होते मी?’

‘त्याला वाचव म्हणून.’

तिने बापाकडे बघितलं. तिला हसू आलं असेल, कीव आली असेल, देव जाणे.

‘वेडा आहेस का तू, बाबा,’ ती हळूच म्हणाली. ‘तू तोंड उघडलंस तेव्हा माझा जीव घशाशी आला होता. तू भला माणूस आहेस, तू सांगून टाकशील, आणि तो ऐकेल, आणि मग आपण दोघं मेलो. म्हणून मी डोळे वटारले तुझ्यावर. बोलू नकोस म्हणत होते मी.’